रजिस्टरमधून गाळलेले आठ ससे

नागपूर, १४ जुलै १९६३

ती. भाऊस,
नलूचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. रागानं लिहिलं आहेस, म्हणून मीही रागानंच उत्तर देते. नंतर म्हणू नकोस की नागपूरला राहून नलू उलटून बोलायला शिकली. ते मी आमगावलाच शिकले होते.

"बी.एस्सी. झाली ते ससे मारासाठी काय?" असं तू विचारतोस. कुणीतरी गावात येऊन बाबांना सांगितलं की रामाजी हटवाराची पोरगी कॉलेजात खाटकाचं काम करते, आणि तू ते खरं धरलंस. मला एकदा विचारायचं होतंस. विचारलं नाहीस, तरी सांगते.

आमच्या विभागात चाळीस ससे आहेत. दहांना साधा चारा. तिसांच्या चाऱ्यात आम्ही तीन महिने चरबी कालवतो. त्यानं त्यांच्या मोठ्या नसा आतून खराब होतात, माणसांच्या होतात तशा. खराब झालेली नस नुसती अरुंद होत नाही, ती गळायला लागते. रक्तातलं जे आत राहायला हवं ते भिंतीतून बाहेर झिरपतं. किती झिरपतं ते मोजणं माझं काम. सशाच्या एका कानाच्या शिरेत निळा रंग सोडायचा, आणि दर दहा मिनिटांनी दुसऱ्या कानातून थोडं रक्त काढून त्यात रंग किती उरला ते यंत्रावर पाहायचं. रंग जितका लवकर उतरला, तितकी नस गळकी. मेलेल्या जनावरात हे मोजता येत नाही, कारण मेल्यावर सगळ्याच नसा गळतात. म्हणून ससा जिवंत लागतो, शांत लागतो, आणि त्याला शांत ठेवायला कुणाचे तरी हात लागतात. ते माझे. शेवटी नस उघडून निळे डाग पाहायला त्याला मारावंही लागतं. ते मला आवडतं असं समजू नकोस.

त्या तिसांतल्या पंधरांना आमचे प्रमुख, डॉ. अच्युतराव, आपलं नवं औषध देतात. गळती थांबते का ते पाहायचं आहे. थांबली तर ब्लडप्रेशरच्या लोकांचा लकवा टळेल. याच्यासाठी मी सकाळी आठपासून पिंजऱ्यांपाशी उभी असते. मला बघायला येणारे तिरोड्याचे पाहुणे सशांचं ऐकून आले नाहीत, तर न येऊ देत.

शकूवहिनीला नमस्कार.
नलू

*

कॅम्प-१, भिलाई
४ ऑगस्ट १९६३

चि. नलूले फकिराचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. शकू म्हने वाचून दाखवा, मी अर्धंच वाचलं. बाकीचं तुयं उलटं बोलनं तिले कायले आयकवू. राग मले आला होता अन् अजूनही आहे. गावात बुढ्याले लोकं टोचून बोलतात तं ते मले इथं लागते. तुले लागत नसन.

पन गळतीचं मले समजलं. आमचं बी तेच काम आहे. मरोद्याच्या तलावाकडून प्लांटात पान्याची मोठी लाइन टाकून राहिलो. जोड झाले का पानी भरून प्रेशर देतात, अन् रशियन साहेब सोता एकेक जोड हातानं चाचपून पायते. जिथं ओल दिसली तिथं खडूनं गोल मारते. मागच्या महिन्यात दोनशे जोडांत एक रडला. मी म्हनलं, साहेब, उलीसंच तं आहे. त्यानं तुटक्या हिंदीत सांगतलं, "एक खराब, लाइन खराब." सप्पा पानी काढून पुन्हा कराले लावलं. मले भल्ला राग आला, पन तो मानूस बरोबर होता.

माया संगं गुलाबराव आहे, लाखनीकडचा, आमच्या टोळीचा मुकादम. मी इथं आलो तवा मले राहाले जागा नव्हती, तं त्यानं अन् कलावतीवहिनीनं चार महिने आपल्या खोलीत ठेवलं. त्याले प्रेशर आहे. प्लांटच्या डॉक्टरनं सर्पगंधेच्या गोळ्या देल्ल्या, त्यानं प्रेशर उतरते, पन नाक बंद होते अन् दिवसभर सुस्ती येते म्हनते. उंचावर काम करनाऱ्याले सुस्ती कशी चालन. तुया सरांची दवाई निघाली तं पयले मले कळवजो.

लग्नाचं मी सोडलं नाई. पुढच्या पत्रात लिहीन.

फकिरा

*

नागपूर, २ ऑक्टोबर १९६३

ती. भाऊस,
शि. सा. नमस्कार.

मोजणी संपली. पिंजरे धुऊन उन्हात ठेवले आहेत. माझं अक्षर चांगलं म्हणून सरांनी कच्च्या वहीतले आकडे पक्क्या रजिस्टरमध्ये उतरवायला मला सांगितले. आठ दिवस तेच केलं.

औषधाचं तू विचारलंस. निकाल चांगला आला असं सर म्हणतात. पण गुलाबरावभाऊंना सांग, घाई करू नका. औषध बाजारात यायला वेळ लागतो.

दिवाळीला मी येणार नाही. कारण काही नाही, दमले आहे. सशांचं यापुढे विचारू नकोस.

नलू

*

कॅम्प-१, भिलाई
२४ नोव्हेंबर १९६३

चि. नलूले फकिराचा लाख लाख आशीर्वाद.

तू मायी बहीन आहे अन् तूच मले सांगतलं नाई. मले दुर्गले जाऊन समजावं लागलं.

झालं असं का शकूच्या दातासाठी दुर्गच्या चिंतामणी डॉक्टरकडे गेलतो. तो तुया सरांचा साळा आहे म्हने. त्याच्या दवाखान्यात कपाटभर शिशा, वरतं नाव 'शिरामृत'. भितीले कागद लावला होता. नसेची गळती थांबवते, लकव्यापासून वाचवते, कॉलेजात सशांवर प्रयोग करून पाहिलेलं. अन् खालतं बारीक अक्षरात, 'प्रयोगसाह्य : कु. नलू रामाजी हटवार'. मी ते तीनदा वाचलं. बाबाचं नाव छापलं होतं, नलू. ज्या बुढ्याले लोकं खाटकाचा बाप म्हनत होते त्याचं नाव.

मी डॉक्टरले म्हनलं, हे मायी बहीन होय. त्यानं खुर्ची देल्ली बसाले. मी दोन शिशा अन् तसाच एक कागद मागून आनला. कॅम्पात साऱ्यांले दाखवला. मी सांगतलं, मोजनारी मायी बहीन आहे, तिच्या हातून गलत होत नाई. गुलाबरावानं त्याच दिवशी सुरू केली. आता पंधरा दिवस झाले. सुस्ती गेली, नाक मोकळं झालं, मले म्हनते फकिरा, तुया बहिनीनं मले मानसात आनलं. गोळ्या त्यानं बंद केल्या. दोन दोन दवाया कायले खाव्या. आपल्या टोळीतले अजून सात-आठ जन दुर्गहून आनून घेऊन राहिले.

मी तुले ससे मारनारी म्हनलं होतं. ते वापस घेतो.

फकिरा

*

नागपूर, १० डिसेंबर १९६३

भाऊ,

हे पत्र मिळताक्षणी गुलाबरावभाऊंकडे जा. शिरामृत बंद करायला सांग आणि सर्पगंधेच्या गोळ्या पुन्हा सुरू करायला सांग. आधी प्लांटच्या डॉक्टरांना दाखवायला ने. त्यांना बरं वाटतंय ते शिरामृतनं नाही, गोळ्यांची सुस्ती गेली म्हणून वाटतंय. आतलं प्रेशर त्यांना कळणार नाही.

बाकीच्यांनाही बंद करायला सांग. औषधानं काही होत नाही. का, ते नंतर लिहिते. आत्ता जा.

नलू

*

कॅम्प-१, भिलाई
१४ डिसेंबर १९६३

नलू,

तुयं पत्र काल भेटलं. गुलाबराव आठ तारखेले पडला.

इतवार होता. सकाळी आंघोळीले बसला होता. कलावतीवहिनीले लोटा पडल्याचा आवाज आला. तिनं जाऊन पायलं तं तो भितीले टेकून बसला होता अन् तिच्याकडे पाहून काई तरी बोलून राहिला होता, पन शब्द नव्हते. उजवं अंग गेलं. आम्ही खाटेवर टाकून दवाखान्यात नेलं. प्लांटच्या डॉक्टरनं पयले इचारलं, गोळ्या चालू होत्या ना? वहिनीनं मायाकडे पायलं. तिथं पाच-सहा जन उभे होते. त्या साऱ्यांनी मायाकडे पायलं.

मानूस जगला. बोलत नाई. उजवा हात लोंबते. ज्या हातानं तो क्रेनवाल्याले इशारे देत होता तो हात.

मी चोवीस तारखेले लिहिलं. तीन दिवसात तुले भेटलं असन. तू दहा तारखेले लिहिलं. तेरा दिवस तू काय करून राहिली होती? तुले म्हाईत होतं. घाई करू नका असं तू ऑक्टोबरातच लिहिलं होतं. मी म्हनलं, शिकलेले लोकं असंच बोलतात. तवाच सीधं लिहिलं असतं, दवाई खोटी आहे, तं मी त्या दोन शिशा तिथंच डॉक्टरच्या टेबलावर फोडल्या असत्या.

आमच्यात एक जोड रडला तं सारी लाइन वापस करतात. तुमच्या कॉलेजात कसं करतात ते मले सांग. तुयं नाव त्या कागदावर कसं आलं ते सांग. मायं तोंड घेऊन मी कॅम्पात कसा फिरू तेही सांग. वहिनी मले घराच्या अंदर येऊ देत नाई. मी बी तिच्या जागी असतो तं येऊ देल्लं नसतं.

फकिरा

*

नागपूर, २२ डिसेंबर १९६३

भाऊ,

नमस्कार लिहीत नाही. तू आशीर्वाद लिहिला नाहीस.

औषध दिलेले ससे पंधरा होते. त्यांतले नऊ औषध न दिलेल्यांसारखेच गळले. सहा कमी गळले. पण औषध न दिलेल्या पंधरांतही पाच कमी गळलेच होते. काही जनावरं मुळातच टणक असतात. म्हणजे औषधानं काही झालं नाही. हे मला सप्टेंबरात कळलं होतं, कारण मीच मोजलं होतं.

सर म्हणाले, त्या नवांपैकी आठांना जुलाब झाले होते, आजारी जनावरं धरायची नसतात. जुलाब सगळ्याच पिंजऱ्यांत झाले होते. गाळले फक्त ते आठ. मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "मिस हटवार, तुम्ही मोजा. विचार मी करतो." मग मी पक्क्या रजिस्टरमध्ये सातच उतरवले, सहा चांगले आणि एक वाईट. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. कुणी हात धरून करून घेतली नाही. मला नोकरी हवी होती, आणि सर माझ्या अक्षराची स्तुती करत तेव्हा मला बरं वाटत होतं. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं कारण असतं तर मी तेही लिहिलं असतं.

कागदावर नाव छापणार हे मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रातून कळलं.

तेरा दिवसांत मी चार पत्रं लिहिली आणि फाडली. औषध खोटं आहे लिहिलं की तू विचारणार, मग तुझं नाव कसं? त्याचं उत्तर मला लिहवेना. चौथं फाडलं तेव्हा मी अजून माझ्या अब्रूचाच विचार करत होते, गुलाबरावभाऊंचा नाही. हे तू कलावतीवहिनींना वाचून दाखव. अर्धं नको, सगळं दाखव.

पण आता तुझंही ऐक. जुलैत मी खाटीक होते. नोव्हेंबरात छापलेलं नाव दिसलं की मी देवी झाले. मधल्या वेळात तू मले एकदा तरी कावून नाही इचारलं, नलू, ही दवाई देऊ का? एका कार्डानं काम झालं असतं. एका माणसाच्या चालू गोळ्या बंद झाल्या आणि तू पंधरा दिवस नुसता खूश होतास. तुला औषध नको होतं, भाऊ, तुला कॅम्पात दाखवायला कागद हवा होता. मी खोटं उतरवलं, ते माझं. पण तो कागद दारोदार मी नेला नाही.

परवा मी सरांकडे गेले. गुलाबरावभाऊंचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, औषध परत बोलवा. ते शांतपणे म्हणाले, "एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही."

मी म्हटलं, "पंधरा सशांवरून येतो, सर."

त्यांनी रजिस्टर कपाटातून काढून माझ्यासमोर उघडलं. "इथं सातच आहेत. अक्षर कुणाचं आहे?"

कच्ची वही जाळून टाका, असं त्यांनी ऑक्टोबरात सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. जाळली नाही, माझ्या ट्रंकेत आहे. चार जानेवारीला विभागाची सभा आहे, सर तिथं या प्रयोगावरचा प्रबंध वाचणार आहेत. मी वही घेऊन जाणार आहे. पुढे काय होईल ते मला माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच की इतका राग मला सप्टेंबरात यायला हवा होता.

नलू

*

कॅम्प-१, भिलाई
१२ जानेवारी १९६४

नलू,

तुयं पत्र भेटलं. कागद दाखवाले पायजे होता म्हनून तू लिहिलं, ते खरं आहे. खरं आहे म्हनून जास्त राग आला.

मंग मी पत्र घेऊन निघालो. ज्याच्या ज्याच्या घरी तो कागद दाखवला होता त्याच्या घरी गेलो. शिशी द्या म्हनलं, दवाई खोटी आहे, मायी बहीन सांगून राहिली. चौघांनी देल्ली. एक जन म्हने, पयले बहिनीचं नाव घेऊन पाजली, आता बहिनीचंच नाव घेऊन सोडवतं, तुया घरचा तमाशा तुया घरी ठेव. दोघं अजून पिऊन राहिले. दुर्गच्या डॉक्टरनं मले खुर्ची देल्ली नाई. तो म्हने तुया बहिनीची सही आहे रजिस्टरवर, दुसरा काई कागद असन तं घेऊन ये, नाईतर निघ.

शेवटी वहिनीच्या दारात गेलो. अंदर ये म्हनली नाई. मी दारातूनच वाचलं. सप्पा वाचलं, मायावर लिहिलेलंही. गुलाबराव अंदर खाटेवर होता, त्याले आयकू येते, समजतेही. मायं वाचून झालं तवा वहिनीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं अन् मले म्हनली, "कागदावर नाव पाहून आमी दवाई घेतली. आता तिनं माफी बी कागदावरच पाठवली. तिले म्हना, तोंड घेऊन ये."

मी तुले ये म्हनत नाई. वहिनी म्हनली ते लिहिलं.

फकिरा

*

दुर्ग, २ फेब्रुवारी १९६४

भाऊ,

मी काल भिलाईला येऊन गेले. तुला कळवलं नाही. तू सोबत असतास तर तू बोलला असतास आणि मी मागे उभी राहिले असते. सध्या दुर्गला चारुलताकडे उतरले आहे, कॉलेजातली माझी मैत्रीण. तिच्या वडिलांना सगळं सांगितलं आहे. ते रायपूरला औषध खात्यातल्या कुणा अधिकाऱ्याकडे वहीची नक्कल पाठवणार आहेत.

सभेचं आधी सांगते. सरांचं वाचून झाल्यावर मी उभी राहिले आणि कच्च्या वहीतून त्या आठ सशांचे आकडे वाचले. नंबर, तारीख, दर दहा मिनिटांचा रंग. पाचव्या सशापर्यंत कुणी अडवलं नाही. मग सर म्हणाले, मिस हटवार यांची प्रकृती काही दिवस बरी नाही. दोघांनी मला बाहेर नेलं. उरलेले तीन मी व्हरांड्यात मोठ्यानं वाचले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. प्रबंध छापून येणार असं ऐकते. म्हणून वही आता मी कुणाच्या हातात देत नाही, नक्कल देते.

चिंतामणी डॉक्टरांकडे काल सकाळी गेले. त्यांनी म्हटलं होतं दुसरा कागद आण, म्हणून वही त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी पाहिली नाही. मग बाकावर पेशंट बसले होते त्यांना दाखवली, आणि भिंतीवरच्या कागदावरचं माझं नाव दाखवून म्हटलं, ही मी, आणि हे मी खोटं लिहिलं होतं. दोघं उठून गेले. डॉक्टरांनी कंपाउंडरला कागद काढायला लावला. शिशा कपाटातच आहेत. मी पुन्हा जाणार आहे.

कलावतीवहिनींचं घर विचारत गेले. कोण म्हणून त्यांनी विचारलं, मी नाव सांगितलं. त्यांनी पाणी दिलं नाही आणि बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गुलाबरावभाऊ माझ्याकडे बघत होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पत्रांवरून मला वाटलं होतं थोराड माणूस असेल, तर तो तुझ्याच वयाचा आहे. तू हे कधी लिहिलं नाहीस.

माझं संपल्यावर वहिनी चुलीपाशी गेल्या आणि पेजेची वाटी आणून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "रोज मी भरवतो. आज तू भरव."

मी खाटेशी बसले. चमचा ओठांपर्यंत नेला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. अर्ध्या तोंडाला मिटता येत नव्हतं, तिकडून पेज आत न जाता हनुवटीवर आली. मी पुसायला गेले तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. जोर होता त्या हाताला. दोनदा तसंच झालं. मी इतके महिने जनावरं हातात धरून शांत केली, भाऊ, मला वाटायचं मला ते जमतं.

मी रडले नाही. वहिनींनी वाटी घेतली, आणि त्यांच्या हातून ते खाऊ लागले. मी निघाले. दाराशी पोचले तेव्हा वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "संध्याकाळी तो थकते. सकाळी ये. सकाळी खाते."

ती शिक्षा होती की आणखी काही, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. उद्या सकाळच्या पॅसेंजरनं भिलाईला त्यांच्याकडे जाणार आहे.

नलू